ब्रिजटाउनच्या माझ्या तिकिटावर दुसरीच बाई बसली

२०२३ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मी माझी बायको ब्रिजटाउनमध्ये हरवली. इंग्लंडात, वॉटफर्डला, पन्नास वर्षं नीट सांभाळली होती.

तिकडे वेस्ट इंडीजमध्ये, बार्बाडोसला, जायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. हॉस्पिटलच्या लाँड्रीत अडतीस वर्षं चादरी धुतल्या, आता खुर्चीत बसून क्रिकेट बघतो आणि मला काही कमी नाही. पण आमची नात रिया वॉटफर्डच्या बायकांच्या क्लबातून खेळते आणि त्यांची टीम तिकडे दौऱ्यावर निघाली. लेकीनं परस्पर आमचंही ठरवलं. म्हणाली, लग्नाला पन्नास वर्षं झाली, कुठेतरी जा दोघं.

आमच्या हिनं, म्हणजे शालननं, एकच अट घातली. मॅच बघायची, पण त्याच दिवशी पाच वाजता तिथल्या थिएटरात जोडीनं सिनेमा बघायचा. पन्नास वर्षांत आम्ही जोडीनं एकही सिनेमा पाहिला नव्हता. दर वेळी काहीतरी निघायचं. (दर वेळी क्रिकेटच निघायचं, पण ते तिनं सांगावं, मी कशाला सांगू?) मी शब्द दिला. लेकीसमोर दिला. तिकिटं लेकीनं इथूनच छापून हिच्या पर्समध्ये ठेवली.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. शालन टीव्हीसमोर बसली की आपली विकेट पडते. हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्यामुळे मॅच रंगात आली की ती स्वयंपाकघरात आणि मी बाहेर, असं आमच्याकडे ठरलेलंच. तिनं भाकऱ्या थापाव्यात, आपल्या लोकांनी सामने जिंकावेत. देशासाठी एवढं कोण करतं?

ब्रिजटाउनच्या मैदानावर मात्र स्वयंपाकघर नव्हतं.

दुपारी आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि वॉटफर्डच्या दोन पोरी पाठोपाठ आऊट झाल्या. शालन पाणी आणायला गेली, तर चौकार. परत येऊन बसली, तर तिसरी आऊट. मग रिया बॅट घेऊन आली. जाता जाता तिनं हात हलवला, "आजी, तू मला बघते ना?"

मी शालनकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं झाली की बोलावं लागत नाही. ती पर्स घेऊन उठली आणि बाहेर फाटकाजवळ एक बाई माशाचे वडे तळत होती, तिथं जाऊन उभी राहिली. स्वतःच्या नातीची बॅटिंग बघायला जवळजवळ सात हजार किलोमीटर आलेली बाई भिंतीपलीकडे उभी. पण रिया जी खेळायला लागली! मला वाटलं, बघा, शास्त्र आहे हे.

साडेचारला फोन वाजला.

"अहो, पाचचा सिनेमा आहे."

"रियाच्या चाळीस झाल्यात. तू आहेस तिथंच थांब."

"मी दीड तास उभी आहे."

"अजून अर्धा तास. हलू नकोस."

मग ती म्हणाली, "बरं."

या बाईनं पन्नास वर्षांत मला एका शब्दात होकार दिलेला नाही. शहाण्या माणसाला तिथंच शंका आली असती. मी फोन खिशात टाकला.

पाचला दहा मिनिटं असताना, काही कारण नसताना, सरळ चेंडूवर रियाचा त्रिफळा उडाला. मी जागेवरून उठलोच. शालननं जागा सोडली असणार. दुसरं काही होऊच शकत नाही.

गुडघे धरत फाटकाशी गेलो, तर माझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. ती तिथं नव्हती.

फोन लावला, तो बंद. मग आठवलं, मुक्कामाची किल्ली, माझा चष्मा आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या हिच्याच पर्समध्ये. मुक्काम कुठल्या रस्त्यावर तेही हिलाच ठाऊक. वडेवालीला विचारलं. ती शांतपणे वडे उलटत म्हणाली, तुमची मिसेस माझ्या बहिणीबरोबर सिनेमाला गेली. एक तिकीट जास्तीचं होतं ना.

जास्तीचं म्हणजे माझं.

उन्हात पंचवीस मिनिटं चालत थिएटर गाठलं. दारावरची पोरगी म्हणाली, सर, हाऊसफुल. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं एक खुर्ची आणून दिली. मी म्हणालो, मला आत जायचंच नाहीये, हवा खायला आलोय. मग दोन तास पॉपकॉर्नच्या मशीनकडे बघत हवा खाल्ली. चष्म्याशिवाय तेही धूसर दिसत होतं.

तिकडचे लोक गप्प बसून सिनेमा बघत नाहीत. पडद्यावरच्या माणसांना सल्ले देतात, ओरडतात, हसतात. सगळा गलका बाहेर ऐकू येत होता, आणि त्यातच मला एक आवाज ओळखू आला. "अरे मागं बघ, मागं! दाराआड आहे तो!"

मराठीत. माझी बायको. वॉटफर्डात शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून मिक्सरसुद्धा हळू लावणारी.

सिनेमा सुटला आणि ती वडेवालीच्या बहिणीच्या हातात हात घालून बाहेर आली. हसून हसून डोळे ओले झालेले. मला बघून थांबली. मी सगळ्या तक्रारी तयार ठेवल्या होत्या, बंद फोन, किल्ली, गोळ्या, त्याच क्रमानं. पण आधी तीच बोलली.

"तुम्ही इथंच बसला होता होय? तरीच. इतका रंगला ना सिनेमा! तुम्ही आत असता तर नक्की पडला असता."

रात्रीच्या जेवणाला रियानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, सॉरी बोल तिला. इट्स नॉट दॅट हार्ड." मी तिला सांगितलं, सरळ चेंडूला आडवी बॅट लावणाऱ्यांनी मला शिकवू नये. सॉरी मी लाँड्रीच्या साहेबालाही कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कुणाला न सांगता थिएटरवर गेलो. बाहेर तीन-चार पोस्टरं होती. वाचायच्या भानगडीत न पडता मी बोटानं एक दाखवलं आणि दहाच्या खेळाची दोन तिकिटं आणली. शालन नवी साडी नेसली. आत बसलो, दिवे गेले, आणि पाचव्या मिनिटाला ती माझ्या कानाशी वाकली.

"अहो, हाच तर मी काल पाहिला."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "मुद्दामच काढलाय."

मग पुढे काय होणार ते ती एकेक करून आधीच सांगत गेली आणि मी सगळं कळत असल्यासारखा मान डोलावत राहिलो. पन्नास वर्षं विलायतेत काढूनही पडद्यावरचं इंग्रजी मला तेवढंच कळत होतं, जेवढं ती मराठीत सांगत होती.