काळी तीनच्या खाली

पेटीवाला गेला.

माझाच नवरा होता, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं.

मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात टाइप करते. ती सारखी डोळे पुसते आणि फोन ओला करते.
मला अजून रडू आलेलं नाही.

कुरुळीत आमचं हौशी मंडळ. जत्रेला संगीत नाटक करायचो.
हे चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. घरी आले की नाटक वाचून दाखवायचे, मी भाकरी थापत पाठ करायची. माझं आणि बाकीच्यांचंही. त्यामुळे आम्हाला वेगळा प्रॉम्प्टर लागला नाही. विंगेत मी होते ना.

हे स्टेजखाली पेटी घेऊन बसायचे. माझी एंट्री आली की वर बघायचे, एक सूर द्यायचे. तो धरून मी गायची.

पट्टी कोणती, म्हणजे गळा किती उंच न्यायचा, ते त्यांचं खातं.

एका तालमीत तबल्यावरच्या दत्तू भाऊजींनी फोडलं. "वहिनी, दादा तुमची पट्टी गुपचूप खाली आणतोय. काळी पाचची काळी तीन झाली."

घरी येऊन मी यांना धरलं. "मला फसवता व्हय?"

"तुझा आवाज हाय तसाच हाय. पेटी म्हातारी झाली."

"मग तुम्हा दोघांना एकदमच भंगारात देते."

हसले नाहीत. चहा मागितला.

मंडळाची एक रीत आहे. आपल्यातलं कुणी गेलं की घरातून उचलायच्या आधी नांदी म्हणायची. नाटकाआधी म्हणतो तीच. सुरुवात माझी.

आज पेटीवर दत्तू भाऊजी बसले. भाता हलवून म्हणाले, "वहिनी, कोणती पट्टी धरू?"

मी यांच्याकडे बघितलं. सवय.

काळी तीन झाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या खाली मला कुठवर आणलं होतं, ते यांनाच माहीत. मी परत कधी विचारलं नाही.

"ऱ्हाऊ द्या पेटी," म्हटलं.

तशीच सुरू केली. उंच लागली की खाली, सांगता येत नाही. बाकीचे मागून आले.
मग यांना उचललं.

नात विचारते, आजी, शेवटी काय टाकू?

टाक.
अहो, नांदी झाली.
जा आता सावकाश.