साळूबाई मुराळी झाली

सासरच्या गावची, चांद्याची जत्रा तोंडावर आली आणि साळूबाईने माहेरी कासारसाईला, आपल्या थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, यंदा यायचंच बरं का. कारणं सांगायची न्हाईत."

पलीकडे बहिरू हसला. गुडघे गेल्यापासून त्याने गाव म्हणून सोडलं नव्हतं. कुणाच्या गाडीत बसायचं म्हटलं की आपण ओझं झालो, असं त्याला वाटायचं. "मला न्यायला मुराळी कोन येनार गं?" थट्टेने म्हणाला आणि फोन ठेवला.

थट्टाच ती, पण साळूबाईच्या काळजाला लागली. लग्न झाल्यापासून दर सणाला तिला माहेरी न्यायला बहिरूच मुराळी म्हणून यायचा. आधी बैलगाडीने, मग सायकलवर, मग मोटारसायकलवर. शिदोरी आणि चोळीचा खण कधी चुकला नाही. भाताची झोडणी अर्धी टाकून हा गडी दारात हजर! आणि आता त्याला न्यायला कुणी जायचं नाही? वा रे न्याय!

मुलगा म्हणाला, "मी आणतो की मामाला."

"तू भाचा. मुराळी म्या हाय."

ही बाई नुसती बोलून गप्प बसणारी नव्हेच. सून स्नेहल हिंजवडीला कंपनीत कामाला. तिची ऑटोमॅटिक गाडी साळूबाई शिकली होती, लायसनही काढलं होतं. फक्त गावाबाहेर कधी नेली नव्हती. नेणार कशी? शेजारच्या सीटवर गेणबा! तिच्या या नवऱ्याने उभी हयात पौड रस्त्याला वडापची जीप चालवलेली. माणसं कोंबायची आणि उतार लागला की न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचं, ही त्याची विद्या. तिचा त्याला भारी गर्व. ऑटोमॅटिक म्हणजे त्याच्या लेखी पोरांचं खेळणं.

स्नेहलने मात्र सासूला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आई, चालवताना 'डी'. 'एन' म्हणजे न्यूट्रल, ते गाडी ढकलायची असेल तेव्हा, नाहीतर सिग्नलला बराच वेळ थांबलो तर हँडब्रेक ओढून. चालत्या गाडीत नाही, उतारावर तर मुळीच नाही. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते सुटतं. मग सगळा भार ब्रेकवर."

"म्हंजी उतारावर कासरा ढिला सोडल्यावानी!" साळूबाई म्हणाली होती. भरल्या गाडीला उतारावर बैलच अंग मागे टाकून तोलतात, तिथं त्यांना मोकळं सोडायचं नसतं. लहानपणी बहिरूच्या शेजारी बसून ती हे शिकली होती.

जत्रेच्या आदल्या सकाळी ती निघाली. डब्यात पुरणपोळ्या, पिशवीत नवी कोरी पांढरी टोपी, आणि शेजारी गेणबा. तो म्हणे वाट दाखवायला. तिच्याच माहेरची वाट!

हिंजवडीत गाड्यांची ही रांग. सिग्नल काही सुटेना. साळूबाईने हँडब्रेक ओढला आणि गाडी न्यूट्रलला घेतली.

"आँ? मी उताराला मार म्हनलं की न्हाई म्हनतीस, आन् आता आपल्या मनानं न्यूटल?"

"आता गाडी हुबी हाय. दम हुबं ऱ्हाऊन खायाचा, पळताना न्हाई."

गेणबा खिडकीबाहेर बघू लागला. पण कासारसाईच्या धरणाकडचा उतार दिसला आणि त्याच्या अंगात जुना ड्रायव्हर संचारला. "मार न्यूटल! अगं, मार की!"

जन्मभर ऐकायची सवय, मेली! डोकं नको म्हणेपर्यंत हाताने दांडी सरकवलीसुद्धा. गाडी एकदम हलकी झाली आणि सुटली. "बघ, कशी पान्यावानी निघाली!" गेणबा खूश. आणि वळणावर बघतात तर रस्ताभर म्हशी!

साळूबाईने ब्रेकवर सगळा जीव दिला. गाडी कशीबशी थांबली, शेवटच्या म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर. म्हशीने मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेली.

ब्रेकवरचा पाय न काढता साळूबाईने 'डी' टाकला. "ऐका. तुमची जीप तुमी चालवली, म्या कदी मधी बोलले न्हाई. ही गाडी म्या चालवतीया. दादाचं दार येईस्तोर अवाक्षर काढायचं न्हाई."

गेणबा पुटपुटला, "वडापात मधी बोलनाऱ्याला मी खाली उतरवायचो."

"म्हनून तर सांगतीया!"

दोघांनाही हसू फुटलं. राहिलेला उतार ती 'डी'वरच उतरली. इंजिन हलकेच घुमत गाडीला धरून होतं, पाय ब्रेकवर बेताबेताने टेकत होता. आपल्याला गाडी येते हे तिला त्या उतारावर पहिल्यांदा पटलं. आनंद नुसता उतू जात होता.

बहिरू ओट्यावर बसला होता. गाडीतून आधी गेणबा उतरला. "या दाजी! चालवत कोन आलं?" असं विचारतोय तोवर दुसरं दार उघडलं आणि डबा, पिशवी सावरत साळूबाई उतरली.

तिने त्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली. मांडीवर शिदोरी दिली. मग पदर खोचून दारात उभी राहिली, अगदी तो उभा राहायचा तशी.

"चल दादा. मुराळी आलाय."

बहिरूने टोपी काढली, फिरवून पाहिली, पुन्हा घातली. गेणबा आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसला होता. बहिणीचा हात धरून बहिरू उठला. डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता.

"इतकी वर्सं मी येत व्हतो," तो म्हणाला, "पर न्यायला कुनी दारात आलं की कसं वाटतं, ते आज कळलं बग."