इंजन वाजलंच न्हाई

मंडळी, आज सकाळी ताडकळसच्या आमच्या दाळमिलमध्ये एकही बाई कामाला आली नाही.

बँकेनं सोलरसाठी कमी व्याजाचं ग्रीन लोन दिलंय. अट एकच, जुनं डिझेल इंजन भंगारात द्यायचं. काल ते गेलं. आज नवी मोटार सुरू केली, तिचा आवाज शेडच्या बाहेरसुद्धा जात नाही. माझे वडील अण्णा अन् मी तासभर वाट बघत बसलो.

शेवटी चिडून मी मिलमध्ये कामाला येणाऱ्या काशीमावशीचं घर गाठलं. मावशी निवांत चहा पीत बसलेल्या.

"इंजन वाजलंच न्हाई की! आमाला वाटलं, आज सुट्टी हाय."

खरंच की! माझ्या लहानपणापासून अण्णांनी हँडल मारलं, पुकपुक सुरू झाली, की बाया पदर खोचून निघायच्या. घड्याळ कुणी बघितलंच नाही. तुमच्या गावात कोणत्या आवाजानं दिवस सुरू व्हायचा, सांगा बरं?

दुपारी दाळ निवडणाऱ्या बायांच्या गप्पा मला मिलमध्ये पहिल्यांदाच नीट ऐकू आल्या. विषय इंजनाचाच होता.

"लय वरडायचं बापडं," काशीमावशी म्हणाल्या, "पण एक दिवस खाडा न्हाई केला त्यानं."