बिनमातीचा

ग्रीस देशाच्या सरकारने समुद्रात बुडी मारण्याचे नियम आणखी सैल केले, हे मी भवानी पेठेतल्या आमच्या घरी नळाचं पाणी भरता भरता वाचलं. सोलापूरला नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवावी लागतात. बायको बादल्या सरकवत होती आणि मी मोबाइलवर परक्या समुद्राचा कायदा वाचत उभा होतो. "तिथला समुद्र नंतर बघा, हितलं पिंप वाहतंय," ती म्हणाली.

वाचायला पाठवलं होतं मुलीने. ती तिकडे नोकरी करते. तिने लग्नासाठी जो मुलगा पसंत केला होता, त्याचं पोट या कायद्यावर चालत होतं. तिथे समुद्राच्या तळाशी जुनी भांडी, मूर्ती, बुडालेली जहाजं पडलेली आहेत. चोरीच्या भीतीने सरकारने पूर्वी पाठीवर सिलिंडर बांधून बुडी मारायला मोजक्याच जागा ठेवल्या होत्या. मग हळूहळू समुद्र मोकळा केला, आणि या मुलाने बुडी शिकवायची शाळा काढली. अट एकच उरली: बघा, पण तळाची एकही वस्तू वर आणू नका. जावई काय करतो, असं विचारणाऱ्यांना "पाण्यात असतो" एवढंच सांगायचं मी ठरवलं. बरेच जण त्याला पाणीपुरवठा खात्यातला समजले आणि आमच्याकडे आदराने बघू लागले.

माझी हरकत नव्हती. बायकोची होती, पण तिने मुलाचा फोटो पाहिला आणि हरकत मावळली. प्रश्न आण्णांचा होता. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. बार्शीजवळच्या गावी शेती बघतात आणि घरातली लग्नं त्यांच्या होकारावर ठरतात. मुलीला पाठीला भोपळा बांधून पोहायला त्यांनीच शिकवलं. "आण्णा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही," असं ती मला फोनवर म्हणाली. हे ती करून दाखवील हे मला ठाऊक होतं, कारण हट्टीपणा तिने आण्णांकडूनच घेतला आहे.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. शेतातली विहीर खोल आहे आणि कधी आटत नाही. घरातल्या प्रत्येक मुलाने आणि येणाऱ्या प्रत्येक जावयाने तिच्यात सूर मारायचा आणि तळाची मूठभर माती आणून कपाळाला लावायची. मुलींना ही अट नाही; आमच्या घरात नियम सैल झाला तो तेवढाच. ज्याला माती आणता येत नाही तो बिनमातीचा. आमच्या पिढीत असा एकच निघाला, तो मी. लहानपणी दम धरून खाली गेलो, हाताला गार दगड लागला, चाचपडून बघितलं तर सगळीकडे दगडच. रिकामा वर आलो आणि तसं सांगितलं. सगळे पोट धरून हसले. पुढे चिंचोळी एमआयडीसीत नोकरी केली, घर बांधलं, निवृत्त झालो, तरी भावकीतल्या प्रत्येक लग्नात पंगत बसली की कोणीतरी माझ्या पानात जास्तीची आमटी वाढायचं, "ह्येला द्या, ह्यो तळ गाठतोय का बघू." मीही हसायचो. मला ते कधीच आवडलं नाही.

मुलगी पाहुण्याला घेऊन गावी आली. सगळी भावकी विहिरीवर जमली. मुलीने त्याला रीत समजावून सांगितली होती, तो मान हलवत होता. सिलिंडर नाही, काही नाही, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि काठावरून आवाज न करता आत गेला. तो इतका वेळ खाली राहिला की बायको देवाचं नाव घ्यायला लागली. मग वर आला, पायऱ्या चढला आणि दोन्ही पंजे उघडून सगळ्यांना दाखवले. मोकळे. वर हसलासुद्धा. त्याच्या देशात शहाण्या माणसाने असंच वर यायचं असतं.

"न्हाय गाठला," आण्णा म्हणाले. "हात मोकळंच हायती की."

मुलीचा चेहरा उतरला. ती त्याच्यावर इंग्रजीत बरसली. त्याने शांतपणे सांगितलं ते तिने आम्हाला मराठीत सांगितलं: तळाचं काही उचलायचं नाही या एका शब्दावर आम्हाला समुद्र मोकळा झालाय, तो शब्द मी कुठल्याच पाण्यात मोडत नाही.

"लई सोपं हाय असं बोलायला," एक पुतण्या म्हणाला. "खाली ग्येला व्हता ह्याला पुरावा काय?"

"खाली काय होतं ते तरी सांग," मुलगी रडवेली होऊन त्याला म्हणाली.

त्याने हातांनी दाखवत सांगितलं. तळ म्हणजे एकच सपाट काळा खडक आहे. त्याला भेग आहे, तिच्यातून गार पाणी जोरात वर येतं, म्हणून तिथे गाळ बसतच नाही. माती तळाला नाहीच. ती अर्ध्या वाटेवर, डाव्या हाताच्या कपारीत आहे. तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं उकरून चांगला खड्डा पाडलाय. कुठला प्राणी असतो का तिथे, असं त्याने अगदी मनापासून विचारलं.

मुलीने हे मराठीत सांगितलं. घरातले तीन जावई आपापल्या चपला बघू लागले. मघाचा पुतण्या मोटार बंद आहे का बघायला निघून गेला. मी माझा उजवा हात बघत होतो. 

आण्णा पाहुण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "तुला दगड लागला म्हनला व्हतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. शहरात राहून कमावलेलं मराठी त्या क्षणी कामाला आलं नाही.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "पोरीला म्हनावं, तारीख काढा."

"आन मातीची रीत?" कोणीतरी मागून विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की. माती कुटं घावती ते आता समद्यांला ठावं झालं."

हशा पिकला. मुलगी धावत येऊन आण्णांच्या गळ्यात पडली. पाहुण्याला काहीच कळलं नव्हतं, तरी तोही हसत होता. सगळे जेवायला घराकडे वळले, तेव्हा आण्णा माझ्यासाठी मागे थांबले. बांधावरून चालताना ते पुढे होते, मी मागे. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मला बी दगडच लागला व्हता," ते म्हणाले. "पर मी वर येताना कपारीत थांबलो."