टोपीताईची करंगळी

अनुवादाच्या त्या कार्यालयात तिला सगळे टोपीताई म्हणत. परक्या भाषांतल्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या, टिंबं, तिरप्या रेघा चढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दाखल्यावरच्या नावातलं एक टिंब राहिलं तरी कागद परत यायचा, आणि बाकीचे टायपिस्ट एकेक खूण यादीतून हुडकून चिकटवत बसायचे. टोपीताईनं दोन वर्षं डोकेफोड करून कीबोर्डची मांडणीच बदलली. आधी खुणेचं बटण दाबायचं, मग अक्षराचं, की ते टोपीसकट हजर.

डाव्या कडेच्या बटणांवर मात्र तिनं एकही खूण ठेवली नाही. ती बटणं डाव्या करंगळीनं दाबायची असतात, आणि तिची ती करंगळी वाकत नसे. लहानपणी धाकट्या बहिणीनं रागानं दार आपटलं, त्यात ती सापडली होती. घरी हिनं आपणच धडपडल्याचं सांगितलं आणि बहिणीचा मार चुकवला.

त्याच धाकटीला तिनं साहेबांच्या हातापाया पडून इथं चिकटवलं होतं. मांडणीची फाइलही पहिल्यांदा तिलाच दिली, तू वापरून बघ, मग साहेबांना दाखवू, म्हणून. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. या मांडणीच्या जोरावर ती आपल्याला मिळेल, एवढी एकच आस टोपीताईला होती, आणि तीही तिनं फक्त बहिणीजवळ बोलून दाखवली होती.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना एका कॉम्प्युटरभोवती गोळा केलं. मांडणी तीच. खुर्चीत धाकटी बसलेली, आणि आपल्याला हे कसं सुचलं ते घडाघडा सांगत होती. नव्या विभागप्रमुख याच, असं साहेबांनी जाहीर केलं. टाळ्या टोपीताईनंही वाजवल्या, आणि त्याचा तिला स्वतःचाच संताप आला.

मग साहेबांनी विचारलं, "ही डावीकडची बटणं रिकामी का ठेवलीत?"

धाकटी जरा अडखळली. "काही खास नाही, सर. सहजच."

चोरी टोपीताईनं एक वेळ पोटात घातली असती. हे 'सहजच' तिला सोसवेना. पुढे होऊन तिनं डावा हात कीबोर्डवर ठेवला. चार बोटं वाकली, करंगळी ताठच राहिली.

"दाराचं सांग ना त्यांना," ती म्हणाली.

कसलं दार, ते साहेबांना कळेना. धाकटीनं त्या करंगळीकडे एकदाच पाहिलं.

"लहानपणी धडपडली होती ती, सर," ती म्हणाली. "तिनंच सांगितलं होतं घरी."