अहो सापडत नाही

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याकडेच्या वसाहतीत झुंबरबाई एकटी राहते. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे जिना चढणं तिनं केव्हाच सोडलं. आणि ह्या बाईच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी लॅपटॉप असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं नवल वाटतं. तिच्या नवऱ्याला ओळखणाऱ्यांना वाटत नाही.

नवरा म्हणजे रामप्रसाद. अंबडकडच्या एका खेड्यातून बियाण्यांच्या कारखान्यात कामाला लागलेला, आणि उगवणीचे आकडे कॉम्प्युटरवर चढवता चढवता अर्धा इंजिनिअर झालेला माणूस. कारखान्यानं भंगारात काढलेलं मशीन हा घरी आणायचा, खोलायचा आणि चालू करून दाखवायचा. वरच्या खोलीत त्याचं मोठं मशीन, खाली बायकोचा लॅपटॉप आणि मध्ये भिंतीवर इंटरनेटची डबी. वरचे फोटो हिला खाली बसून बघता यावेत म्हणून त्यानं दोन्ही जोडून दिली.

"ह्या चौकटीत दोन तिरप्या रेघा मार अन् वरच्या मशीनचं नाव टाक," त्यानं शिकवलं.

"काय नाव त्याचं?"

"माझंच ठेवलंय."

झुंबरबाईनं हात मागं घेतला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात एकदा पुटपुटलं असेल तेवढंच. रेशनच्या रांगेत कुणी नाव विचारलं तर ती शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि शेजारीण सांगायची.

"घेऊ नको, नुसतं लिही."

"लिहिणं काय वेगळं असतं?"

"मंग मला काय म्हणतीस तू?"

"अहो म्हणते की."

रामप्रसाद पोट धरून हसला. मशीनला नंबर लागतो आणि नाव माणसाला लागतं, असं त्याचं सांगणं. कोणत्या नावाचा कोणता नंबर, ते कुणीतरी मध्ये सांगावं लागतं. म्हणून त्यानं हिच्या लॅपटॉपमध्ये एक छोटी यादी केली आणि तीत वरच्या मशीनच्या नंबरासमोर लिहिलं, अहो. इंग्रजी तीन अक्षरं. ती तिला सहज जमायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला गळ्याचा कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. ऑपरेशनला अकरा दिवस होते. दुसऱ्यानं देव पाण्यात घातले असते. हा वरच्या खोलीत बसून आपला आवाज भरून ठेवत राहिला. आणि भरलं काय, तर 'ऐकलं का, चहा ठेव', 'मोटर बंद कर, टाकी भरली', 'गुडघ्याला तेल लावलं का?' अशी एकाहत्तर वाक्यं. त्यात शहाणपणाचं एक नव्हतं. ऑपरेशननंतर वर बटण दाबलं की खाली लॅपटॉपमधून त्याचा आवाज यायचा, आणि ही खालूनच ओरडायची, "ठेवते हो."

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. त्याच्यामागं वरच्या मशीनचा पडदाही जळाला. आता तिथं नुसता डबा घरघरत असतो. पण चार वाजले की झुंबरबाई दोन तिरप्या रेघा मारायची, अहो लिहायची, चहाचं वाक्य दाबायची आणि आधण ठेवायची. मुलगी रूपाली नाशिकला बँकेत आहे. ती म्हणाली, सगळं तुझ्या फोनमध्ये घालून देते. हिनं साफ नकार दिला. "फोनातून नको. ते वरून बोलतात, वरूनच येऊ दे." कुणी ह्याला खूळ म्हणेल. म्हणू दे बापडे.

गेल्या मंगळवारी इंटरनेटवाल्यानं जुनी डबी काढून नवी बसवली. चार वाजता झुंबरबाईनं अहो लिहिलं. लॅपटॉपनं सांगितलं, अहो सापडत नाही. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. दोन दिवस तिनं दुपारचा चहाच केला नाही. तिसऱ्या दिवशी रूपालीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

रूपालीनं बँकेतल्या जाणकाराला विचारलं आणि दुपारी उलटा फोन केला. "आई, आवाज कुठं गेला न्हाई, वरच हाये. नव्या डबीनं सगळ्यांचे नंबर बदलले, अन् बाबांची यादी जुनाच नंबर सांगून राह्यली. पण मशीन आपलं खरं नाव घरात स्वतः सांगत असतं. तू अहोच्या जागी बाबांचं नाव टाक."

झुंबरबाईनं लॅपटॉपवरचा हात मागं घेतला.

"नाव घेऊ नको. मी एकेक अक्षर सांगते, तू दाबत जा. अक्षरं म्हणजे काय नाव न्हाई."

तिनं नऊ अक्षरं दाबली. रामप्रसाद सापडत नाही, लॅपटॉप म्हणाला. पुन्हा दाबली, तेच. रूपाली विचारात पडली. इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, तिला बाप कागदावरच्या नावानंच ठाऊक.

"आई, आजी बाबांना हाक कशी मारायची?"

आता अक्षरांची पळवाट उरली नव्हती. सासू शेताच्या बांधावरून मारायची ती हाक झुंबरबाईच्या कानात होती, ओठांवर कधी आली नव्हती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला लहानपणीच शिकवलेलं. कर्करोग निघाला तेव्हा तर तिनं मनातल्या मनातसुद्धा ते नाव येऊ दिलं नव्हतं. तेवढंच एक औषध तिच्या हातात होतं आणि तिनं ते एक दिवस चुकवलं नाही.

"आई?"

"रामपरसाद," झुंबरबाई म्हणाली. "रामपरसाद म्हणायच्या त्या."

"तसंच लिहिलं असंल बाबांनी. आर, ए, एम, पी, ए, आर..."

चौकट उघडली. एकाहत्तर वाक्यं रांगेनं उभी राहिली. झुंबरबाईनं चहाचं दाबलं आणि स्वयंपाकघरात रामप्रसादचा आवाज आला, ऑपरेशनच्या आधीचा, धडधाकट. फोनवर रूपालीनंही तो ऐकला.

"लागलं की!" ती म्हणाली. मग पलीकडून काहीच येईना तेव्हा घाबरली. "आई, काय झालं? रडून राह्यलीस का?"

"काय न्हाई झालं गं," झुंबरबाई म्हणाली. "मी त्यांचं नाव घेतलं, अन् कायच न्हाई झालं."