जाड अक्षरातली मुलगी

नात संगणकावर नवं अक्षर घडवते आहे. एकच क. उभी रेघ खांबासारखी जाड, वळणावर केसाइतकी बारीक, आणि शेवटी बोरू उचलल्यासारखी छोटीशी अणी.

"आजी, हे मथळ्याचं अक्षर. लहान केलं की गुदमरतं."

त्या क च्या पोटातल्या पांढऱ्या जागेत बघता बघता मला विशीतली मी दिसायला लागते. काय तो तोरा! लग्नपत्रिकेसाठी स्वतः छापखान्यात जाऊन मी लाकडी खणातलं सगळ्यात जाड अक्षर निवडलं होतं.

"ताई, हे सर्कशीच्या जाहिरातीचं आहे," छापखान्यातले काका म्हणाले.

"असू द्या. माझं नाव ह्यातच."

पत्रिकेत नवरदेव तिकीट काढून मला बघायला आल्यासारखा दिसत होता. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "मुलगी एकटीच लग्न करतेय वाटतं!"

आणि लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, शुभांगी. जाड अक्षरातल्या बाईसाहेब चक्क लाजल्या! गावभर मिरवलेलं नाव तिथेच संपलं. तांदळातली रेघ किती नाजूक, फुंकरीनं मोडेल अशी. तीच जन्मभर टिकली.

"आजी, नमुन्याला एखादं नाव सांग ना."

"कुमुद."

पडदाभर काळीभोर कुमुद उमटली. मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"कोण गं ही?"

"होती एक आगाऊ मुलगी," मी म्हटलं. "अजून मोठी कर तिला."